वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, इ.स. १८९५ – २९ ऑक्टोबर, इ.स. १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग-संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांची उभारणी, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना, तसेच मुख व घसा यांच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध दाखविणारे संशोधन ही त्यांची प्रमुख कामगिरी मानली जाते. कुष्ठरोगाचे विकृतिशास्त्र आणि मानवी रक्तगट या विषयांतही त्यांनी मोलाची भर घातली. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली.

कर्करोग हा वंशाने वा दैवाने येणारा आजार आहे, अशी समजूत प्रबळ असताना खानोलकरांनी रुग्णाच्या दैनंदिन सवयींकडे लक्ष वेधले. गाठ नेमकी कोठे आली आहे आणि त्या जागी रुग्ण रोज काय ठेवतो, चघळतो किंवा ओढतो, या दोन नोंदी त्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यातून हाती आलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. भारतातील मुखाच्या कर्करोगाचा मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे, असा त्याचा अर्थ होता.

शिक्षण आणि प्रारंभीची कारकीर्द

खानोलकरांचे उच्च वैद्यकीय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. इ.स. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी विकृतिशास्त्र हा विषय भारतात प्रामुख्याने शवविच्छेदन आणि विद्यार्थ्यांचे अध्यापन एवढ्यापुरता मर्यादित होता. जिवंत रुग्णाच्या शरीरातून ऊतीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे निदान करणे ही पद्धत मोजक्याच ठिकाणी रुळली होती. संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा, प्राणिगृह किंवा पूर्णवेळ संशोधक ही कल्पना वैद्यकीय महाविद्यालयांत जवळजवळ नव्हतीच.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्थांशी त्यांचा संबंध आला. यांपैकी दुसरे महाविद्यालय इ.स. १९२६ मध्ये सुरू झाले होते. तेथील अध्यापनकाळात विद्यार्थ्यांना सूक्ष्म निरीक्षणाची शिस्त लावणारे शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक झाला. पुढे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांची संख्या पाहता, अध्यापन हा त्यांच्या कारकिर्दीचा संशोधनाइतकाच भक्कम आधार होता असे दिसते.

तत्कालीन पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कर्करोग हा मुख्यतः युरोप-अमेरिकेतील सधन समाजाचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, असा समज डॉक्टरांमध्येही होता. या समजाला दोन कारणे होती. एक, भारतीयांचे सरासरी आयुर्मान कमी होते आणि कर्करोग बहुधा उतारवयात होतो. दोन, खेड्यापाड्यांतील बहुसंख्य रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. जे पोहोचत त्यांचेही ऊतिनिदान होत नसे. इ.स. १९३० च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी भारतातील रुग्णालयांच्या व शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून, कर्करोग येथे दुर्मीळ नाही हे दाखवून दिले.

मुखाच्या कर्करोगाविषयी काही तुटक निरीक्षणे मात्र पूर्वीपासून उपलब्ध होती. त्रावणकोरमध्ये काम करणारे शल्यचिकित्सक ऑर यांनी इ.स. १९३३ मध्ये विडा खाण्याची सवय आणि मुखाचा कर्करोग यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले होते. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला होणारा कर्करोगही वैद्यकीय साहित्यात नोंदविला गेला होता. ही निरीक्षणे विखुरलेली होती. त्यांना एका सूत्रात गुंफण्यासाठी मोठ्या संख्येने रुग्ण येतील, प्रत्येकाचे ऊतिनिदान होईल आणि प्रत्येकाच्या सवयींची पद्धतशीर नोंद राहील, अशा एका ठिकाणाची आवश्यकता होती.

टाटा मेमोरियल रुग्णालय

असे ठिकाण मुंबईत परळ येथे उभे राहिले. मेहेरबाई टाटा यांचे इ.स. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या इच्छेला अनुसरून, त्यांच्या पश्चात टाटा विश्वस्त संस्थेने कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. दिनांक २८ फेब्रुवारी, इ.स. १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे सोपविण्यात आली.

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांत मुख, जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचे रुग्ण फार मोठ्या प्रमाणावर होते. पाश्चात्त्य देशांतील कर्करोग-रुग्णालयांचे चित्र याहून निराळे होते. आजाराचे स्वरूपही हृदयद्रावक असे. गालाच्या आतील लहानशा न भरणाऱ्या जखमेकडे दुर्लक्ष झालेले असे. रुग्ण दाखल होईपर्यंत तोंड उघडेनासे झालेले, जबड्याचे हाड पोखरलेले आणि मानेतील गाठी वाढलेल्या असत. अशा अवस्थेत शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांना मर्यादित यश येई. त्यामुळे रोग कशामुळे होतो, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिला नव्हता. उपचाराने जे साधत नव्हते ते प्रतिबंधाने साधण्याचा मार्ग या प्रश्नाच्या उत्तरातूनच जाणार होता.

मुखाच्या कर्करोगावरील संशोधन

एक हजार रुग्णांचा आढावा

इ.स. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका कर्करोगविषयक संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध केला. लागोपाठचे रुग्ण घेण्याला विशेष महत्त्व होते. लक्षवेधी किंवा दुर्मीळ रुग्ण निवडून मांडण्याची तत्कालीन पद्धत टाळून, रुग्णालयात आलेला प्रत्येक रुग्ण या मालिकेत समाविष्ट करण्यात आला. त्यामुळे मुखाच्या कोणत्या भागात कर्करोग किती प्रमाणात होतो, याचे एकसंध चित्र प्रथमच पुढे आले.

मुंबई हे या अभ्यासासाठी अत्यंत अनुकूल शहर होते. दख्खन, कोकण, गुजरात, उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिणेतून आलेले लोक येथे एकाच हवापाण्यात राहत होते. मात्र प्रत्येक समाजाचा आहार, पेहराव व व्यसने वेगळी होती. जर कर्करोग हवामानामुळे होत असेल तर सर्वांना सारखाच व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग अधिक प्रमाणात दिसत होते. भारतीयांच्या कर्करोगप्रवणतेवरील इ.स. १९४५ च्या लेखात खानोलकरांनी या भेदांची चर्चा केली.

चालीरीती आणि तीन नवे प्रकार

इ.स. १९४५ मध्येच खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी, विशिष्ट रूढींशी निगडित असलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा निबंध पुढे वारंवार उल्लेखिला गेला.

पहिला प्रकार खैनीचा. तंबाखू व चुना तळहातावर मळून त्याची चिमूट खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खोबणीत तासन्‌तास धरून ठेवण्याची सवय बिहार व उत्तर भारतात प्रचलित होती. या सवयीच्या लोकांत कर्करोग नेमका त्या खोबणीत उद्भवत असे.

दुसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात, विशेषतः विशाखापट्टणमच्या परिसरात, चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची पद्धत होती. स्त्रियांमध्येही ती रूढ होती. उष्णता आणि धूर यांचा थेट आघात टाळूवर होई. एरवी जगात क्वचित आढळणारा कठीण टाळूचा कर्करोग या भागात वारंवार दिसे.

तिसरा प्रकार मुखाशी संबंधित नसून त्वचेचा होता. धोतर किंवा लुगडे कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने त्वचेवर प्रथम वळ व रंगबदल, नंतर व्रण आणि क्वचित प्रसंगी कर्करोग होत असल्याचे त्यांनी दाखविले. वैद्यकीय साहित्यात तो धोतराचा कर्करोग या नावाने ओळखला जाऊ लागला.

या तिन्ही उदाहरणांत समान सूत्र होते. रोगाची जागा आणि सवयीची जागा एकच होती. तिन्हींमध्ये ऊतीवर दीर्घकाळ, त्याच ठिकाणी, पुनःपुन्हा आघात होत होता. त्यामुळे सवय बदलली तर रोग टळू शकेल, हे अनुमान स्वाभाविक होते.

तुलनात्मक अभ्यास

केवळ रुग्णांच्या सवयी मोजून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तंबाखू खाणारे लोक समाजातच बहुसंख्य असतील, तर रुग्णांतही ते बहुसंख्य असणारच. ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णांच्या जोडीने कर्करोग नसलेल्या व्यक्तींच्या सवयींची नोंद घेणे आवश्यक होते. ल. द. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी असा अभ्यास करून तो इ.स. १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरील डॉल व हिल यांचे प्रसिद्ध संशोधन याच काळातील आणि याच नियतकालिकातील होते.

या अभ्यासातून तंबाखूच्या दोन सवयींचे परिणाम वेगवेगळे करून पाहता आले. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या पोकळीतील, म्हणजे गाल, हिरड्या अशा भागांतील कर्करोगाशी आढळला. धूम्रपानाचा, विशेषतः विडीचा, संबंध जिभेचे बूड व घसा या मागील भागांतील कर्करोगाशी अधिक स्पष्ट दिसला. दोन्ही सवयी असलेल्यांना धोका अधिक होता. तंबाखू जेथे साचून राहते तेथे आणि धूर जेथे आदळतो तेथे रोग होतो, हे या निष्कर्षांचे सार होते.

मुखातील तंतुमयता

तोंडाच्या आतील आवरणाखाली तंतुमय ऊती वाढून तोंड हळूहळू उघडेनासे होते, अशा विकाराचा अभ्यास खानोलकरांनी सत्यवती शिरसाट यांच्यासह केला. हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकतो. इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य लावून तत्सम बदल घडविण्याचा प्रयत्न करण्यात आला होता. मिरची हे या विकाराचे कारण असावे असा त्या वेळी कयास होता. पुढील संशोधनात मुख्य कारण सुपारी असल्याचे निश्चित झाले. मूळ कयास मागे पडला असला तरी या विकाराच्या ऊतिरचनेचा तपशील नोंदविण्याचे त्यांचे काम उपयुक्त ठरले.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

रुग्णसेवेच्या रेट्यात मूलभूत संशोधन मागे पडते, या जाणिवेतून खानोलकरांनी स्वतंत्र संशोधन संस्थेचा पाठपुरावा केला. इ.स. १९५२ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या आधाराने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक झाले. हेच केंद्र नंतर कर्करोग संशोधन संस्था म्हणून ओळखले गेले. इ.स. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय व ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आली आणि इ.स. १९६६ मध्ये दोहोंचे मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. संस्थेचे काम इ.स. २००२ पासून नवी मुंबईतील खारघर येथील प्रशस्त संकुलात चालते.

केंद्रात विकृतिशास्त्राबरोबरच ऊतिसंवर्धन, आनुवंशिकी, जीवरसायन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी या शाखा विकसित झाल्या. स्त्रियांना संशोधनाची दारे फारशी खुली नसलेल्या काळात खानोलकरांच्या प्रयोगशाळेत अनेक स्त्री-संशोधक पुढे आल्या. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली इ.स. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, पुढे अमेरिकेत बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीच्या क्षेत्रात काम केले. संघवी यांनी मानवी आनुवंशिकी व कर्करोगाचे प्रसारशास्त्र या शाखा पुढे नेल्या.

कुष्ठरोग आणि रक्तगट

कुष्ठरोगाच्या प्राथमिक अवस्थेतील ऊतिबदलांवरील खानोलकरांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने इ.स. १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्वचेवर केवळ फिकट चट्टा दिसत असतानाच रोगाचे जंतू बारीक चेतातंतूंपर्यंत पोहोचलेले असतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कुष्ठरोग हा मूलतः चेतातंतूंचा विकार आहे ही दृष्टी रुजविण्यात या कामाचा वाटा आहे. हातापायांची विद्रूपता हा रोगाचा प्रारंभ नसून उपेक्षेचा शेवट आहे, हे यातून अधोरेखित झाले.

बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी इ.स. १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून वाढविलेल्या एका जिवाणूचे वर्णन केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी दंडाणू या नावाने ओळखला जातो. तो प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जंतू असल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र त्यापासून तयार केलेल्या लसीच्या पुढे चाचण्या झाल्या.

संघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. समाजासमाजांतील कर्करोगाचे भेद रक्तातून येतात की राहणीतून, या प्रश्नाशी या अभ्यासाचे नाते होते. समाजगटांत आनुवंशिक भेद आढळले, तरी मुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत सवयींचा प्रभाव निर्णायक असल्याचे त्यांचे स्वतःचे इतर संशोधन दाखवीत होते.

सार्वजनिक जबाबदाऱ्या

खानोलकर हे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ मंडळांवर त्यांनी काम केले. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. अणुऊर्जा आयोगाच्या जीवशास्त्र व वैद्यक सल्लागार समितीचेही ते अध्यक्ष होते. भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. इ.स. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले.

संशोधनाच्या मर्यादा

खानोलकरांचे बहुतेक संशोधन रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर आधारलेले होते. जे रुग्ण पैशाअभावी, अंतरामुळे किंवा अज्ञानामुळे मुंबईपर्यंत येऊ शकले नाहीत ते या नोंदींबाहेर राहिले. त्यामुळे लोकसंख्येत रोगाचे प्रत्यक्ष प्रमाण किती, याचे उत्तर या अभ्यासांतून मिळू शकत नव्हते. त्यासाठी ठरावीक भूभागातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी व्यवस्था हवी होती. अशी पहिली नोंदणी इ.स. १९६३ मध्ये मुंबई शहरासाठी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची नोंदणी इ.स. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तिच्या कक्षेत मराठवाड्यातील परंडा व भूम हे तालुकेही येतात.

खानोलकर टाटा मेमोरियलमध्ये रुजू झाले तेव्हा परभणीसह सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे शेतात राबणारे स्त्री-पुरुष तंबाखूला चुना लावून ती दाढेखाली धरत आणि घरोघरी स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावत. या सवयी व्यसन म्हणून नव्हे, तर भूक मारणारा, दातदुखी थांबविणारा किंवा शौचास साफ होण्यासाठीचा घरगुती उपाय म्हणून स्वीकारल्या जात. परभणीसारख्या जिल्ह्यातील रुग्णाला मनमाडमार्गे मुंबई गाठणे हाच दीर्घकाळ विशेषोपचाराचा प्रमुख मार्ग राहिला. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्यानंतर हे अंतर काहीसे कमी झाले आहे.

एचआयव्हीबाधितांतील डोके-मानेचे कर्करोग आणि खानोलकरांची पद्धत

खानोलकरांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, इ.स. १९८१ मध्ये, एड्स या रोगाचे प्रथम वर्णन झाले. भारतात एचआयव्हीची लागण इ.स. १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळली. हा विषाणू रोगप्रतिकारशक्ती क्षीण करतो आणि त्यामुळे काही कर्करोगांचा धोका वाढतो. कापोसीचा सार्कोमा, लसिका ऊतींचे काही कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग हे एड्सनिदर्शक मानले जातात. यांपैकी लसिका ऊतींचा कर्करोग मान, टॉन्सिल किंवा हिरड्या येथेही प्रकट होऊ शकतो. आफ्रिका व अमेरिकेत टाळूवर जांभळट डागांच्या रूपाने दिसणारा कापोसीचा सार्कोमा भारतात क्वचित आढळतो.

मुख व घशाच्या आवरणाचा नेहमीचा कर्करोग एड्सनिदर्शक गणला जात नाही. तथापि इ.स. २००४ पासून भारतात शासनाकडून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली, बाधितांचे आयुर्मान वाढले आणि उतारवयातील कर्करोगांचा प्रश्न त्यांच्यासमोरही उभा राहिला. येथे खानोलकरांचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या गालात झालेली गाठ विषाणूमुळे, की तंबाखू व सुपारीमुळे? की दुर्बल प्रतिकारशक्तीने सवयीच्या आघाताला वाट मोकळी करून दिली? घशाच्या मागील भागातील काही कर्करोगांत मानवी पॅपिलोमा विषाणूचाही वाटा असतो. गाठीची नेमकी जागा, सवयींचा तपशीलवार इतिहास आणि सवय नसलेल्यांशी तुलना ही त्यांची त्रिसूत्री या प्रश्नांची उकल करतानाही उपयोगी पडते.

निदानाच्या पातळीवर विकृतिशास्त्राचे महत्त्व येथे अधिकच ठळक होते. एचआयव्हीबाधिताच्या तोंडातील पांढरा थर बुरशीमुळे असू शकतो. असा थर बहुधा पुसून निघतो. जिभेच्या कडेवरील खरबरीत पांढरा पट्टा एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो आणि तो पुसला जात नाही. गालाच्या आतील न पुसला जाणारा पांढरा चट्टा तंबाखूजन्य व कर्करोगपूर्व असण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे मानेतील गाठ क्षयाची, लसिका ऊतींच्या कर्करोगाची किंवा मुखातील कर्करोग पसरल्याची असू शकते. प्रत्येक दोष एचआयव्हीच्या माथी मारल्यास कर्करोगाचे निदान लांबते. ऊतीचा तुकडा तपासल्याविना या शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. एचआयव्हीची बाधा असली तरी विषाणुरोधक औषधे चालू ठेवून शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार देता येतात. त्यामुळे लवकर निदानाचे मोल अशा रुग्णांसाठीही तितकेच आहे.

कुष्ठरुग्णाला समाजाने दूर लोटले, तसेच एचआयव्हीबाधितालाही लोटले. रोगाला शिक्षा न समजता त्याचे कारण शोधावे, ही खानोलकरांच्या संशोधनामागील भूमिका दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडते.

सन्मान आणि निधन

पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद यांखेरीज देश-विदेशातील अनेक वैद्यकीय संस्थांनी खानोलकरांचा गौरव केला. शंभरहून अधिक शोधनिबंध तसेच कर्करोग व कुष्ठरोग यांवरील ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. दिनांक २९ ऑक्टोबर, इ.स. १९७८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने इ.स. १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा आणि इ.स. २००४ मध्ये तंबाखूविरहित विडा व सुपारी ही मानवासाठी कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. या निर्णयांना आधारभूत ठरलेल्या पुराव्यांच्या परंपरेत मुंबईतील या आरंभीच्या संशोधनाचे स्थान महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र शासनाने इ.स. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही तंबाखूची चिमूट, मशेरी आणि सुपारी यांचा वापर सुरूच असून मुखाचा कर्करोग आजही भारतातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. रोगाचे कारण इ.स. १९४५ पर्यंत बव्हंशी हाती आलेले असताना तो आटोक्यात न येणे, ही खानोलकरांच्या कार्याची अपुरी राहिलेली बाजू आहे. ती पूर्ण करण्याची जबाबदारी प्रयोगशाळेपेक्षा समाजावर अधिक आहे.